सोलापूरचे डॉ. कोटणीस आणि परदेशातली पहिली नेमणूक

आमच्या दुधनीतून आणि अक्कलकोट तालुक्यातल्या गावांतून आता मुली नर्सिंगला जातात. कुणी एएनएम, कुणी जीएनएम, कुणी बीएस्सी नर्सिंग. कुणी सोलापूरला शिकतं, कुणी कलबुर्गीला. शिकत असेपर्यंत घरात सगळे खूश असतात. खरी गडबड उडते ती पहिल्या नेमणुकीचं पत्र हातात पडल्यावर. हैदराबाद, पुणे, नाहीतर थेट रियाध किंवा दोहा. अम्मी लोणच्याच्या बरण्या बांधायला घेते, अब्बू दोन दिवस काही बोलतच नाहीत आणि दादीमां एकच विचारत राहते, सोबत कोण आहे?

हा प्रश्न चुकीचा नाही. पण घरापासून हजारो मैलांवर, भाषा येत नाही अशा मुलखात, रुग्णांच्या खिदमतीसाठी पहिल्यांदाच निघालेला एक तरुण आपल्याच जिल्ह्यात होऊन गेला. त्याचं नाव सगळ्यांना माहीत आहे. शाळेच्या पुस्तकात आहे, सिनेमा आहे, सोलापुरात स्मारक आहे. मात्र तो गेला, मोठा झाला आणि वारला एवढंच आपल्याला ठाऊक असतं. जाताना त्याने काय तयारी केली होती, त्यातली कितपत कामाला आली आणि कशाची तयारी राहून गेली, इकडे कुणी फारसं बघत नाही. मला वाटतं, बॅग भरायला बसलेल्या घरांनी तेच बघायला पाहिजे.

डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म सोलापूरचा, १० ऑक्टोबर १९१०. घर मध्यमवर्गीय, वडील गिरणीत नोकरीला, भावंडं बरीच. त्या काळचं सोलापूर म्हणजे गिरण्यांचं गाव. सकाळी भोंगा झाला की मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू बोलणारे कामगार एकाच रस्त्याने निघायचे. चार भाषा कानावर पडत पडतच इथली पोरं मोठी व्हायची, आजही होतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचा संबंध येणार आहे.

गाव स्वस्थ बसणारंही नव्हतं. १९३० च्या मे महिन्यात सोलापूरने इंग्रजांना असं हैराण केलं की शहरात मार्शल लॉ लावावा लागला. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात चार सोलापूरकरांना फाशी झाली: मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि आपले अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. कुर्बान हुसेन कामगारांचे पुढारी होते आणि वर्तमानपत्रही चालवत होते. कोटणीस तेव्हा नुकतेच विशीत आले होते. ज्याच्या गावात हे घडलं त्याने पुढे दुसऱ्या देशावरचा जुलूम आपला मानला, यात मला काही नवल वाटत नाही.

डॉक्टरकी त्यांनी मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजातून केली. एवढ्या मोठ्या घरातला मुलगा डॉक्टर झाला म्हणजे आता हात देईल, दवाखाना टाकेल, बहिणींची लग्नं होतील, हे कुठल्याही घरात मनात येणारच. त्यांचं पुढचं शिक्षण चालू होतं. आणि मध्येच चीनचं निघालं.

जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर मोठं आक्रमण केलं. शहरांवर बॉम्ब पडत होते, जखमींचा हिशोब नव्हता आणि डॉक्टर अगदी थोडे. चीनच्या आठव्या मार्ग सेनेचे सेनापती जू दे यांनी जवाहरलाल नेहरूंकडे डॉक्टर पाठवण्याची विनंती केली. काँग्रेसचे अध्यक्ष तेव्हा सुभाषचंद्र बोस होते. त्यांनी जून १९३८ मध्ये लोकांना मदतीचं आवाहन केलं. गुलाम देश, खिसा रिकामा, तरी सुमारे २२ हजार रुपये जमले. एक अँब्युलन्स आणि औषधं घेऊन पाच डॉक्टर पाठवायचं ठरलं.

अशी मोहीम मुंबईच्या बंदरातून निघण्याची ही पहिली वेळ नव्हती, आणि हे आपल्या घरांत माहीत असायला हवं. डिसेंबर १९१२ मध्ये डॉ. मुख्तार अहमद अन्सारी यांच्या नेतृत्वाखाली एक वैद्यकीय पथक मुंबईहूनच तुर्कस्तानला गेलं होतं, बाल्कन युद्धातल्या जखमींच्या सेवेसाठी. पैसा हिंदुस्थानातल्या मुसलमानांनी उभा केला होता. त्या पथकात सगळेच काही डॉक्टर नव्हते. अलीगढ कॉलेजचे तरुण शिक्षण सोडून मलमपट्टी आणि शुश्रूषा करायला सोबत गेले होते. त्यातले पेशावरचे अब्दुर रहमान तर नंतर तिकडेच राहिले. म्हणजे हे काम आपल्या समाजाला नवं नाही. त्याच्याही मागे जायचं तर खंदकच्या लढाईत जखमी झालेल्या हजरत साद बिन मुआज (रजि.) यांना मस्जिद-ए-नबवीतल्या ज्या तंबूत ठेवलं होतं, तो हजरत रुफैदा (रजि.) यांचा होता. नर्सिंगला अजूनही नाक मुरडणारी माणसं भेटतात, म्हणून सांगितलं.

तर १९३८ कडे येऊ. पाच जणांत अलाहाबादचे डॉ. मदन अटल प्रमुख. ते स्पेनच्या युद्धात काम करून आलेले, म्हणजे जाणकार. नागपूरचे डॉ. चोळकर वयाने ज्येष्ठ. कोलकात्याचे डॉ. देबेश मुखर्जी. कोलकात्याचेच आणखी एक डॉक्टर, रणेन सेन, निवडले गेले होते, पण सरकारने त्यांना पासपोर्टच दिला नाही. त्यांच्या जागी डॉ. बिजय कुमार बसू आले. पाचवे कोटणीस, वय २७. युद्ध पाहिलेलं नाही, देशाबाहेर काम केलेलं नाही.

पासपोर्टचा हा मुद्दा किरकोळ समजू नका. निवड झाली, मन तयार झालं, आणि कागदावर माणूस अडकला. आजही तेच होतं. नर्सिंग कौन्सिलची नोंदणी, दुसऱ्या राज्यात जायचं तर तिथली नोंदणी, परदेशात जायचं तर पासपोर्ट, प्रमाणपत्रांची पडताळणी, परीक्षा. त्यात शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं स्पेलिंग आणि पासपोर्टवर तिसरं. आमच्या शाळांमध्ये शेख, सय्यद, पटेल, मुजावर यांचं स्पेलिंग प्रत्येक कागदावर वेगळं सापडतं. हे दुरुस्त करायला महिने जातात. पत्र आल्यावर धावाधाव करण्यापेक्षा दहावीच्या वर्षीच बघून घेतलेलं बरं.

आवाहन जूनमध्ये झालं आणि १ सप्टेंबर १९३८ ला मुंबईहून राजपुताना नावाची बोट सुटलीही. मध्ये जेमतेम दोन महिने. तेवढ्यात घरच्यांची समजूत, कागदपत्रं, औषधं, शस्त्रक्रियेची हत्यारं, गरम कपडे. निरोप मोठा झाला, सरोजिनी नायडूंसारखी माणसं होती. पण चिनी भाषा? ती दोन महिन्यांत कुठून येणार. तिकडचा स्वयंपाक, तिकडची थंडी, तिकडचं राजकारण, यातलं काहीच पेटीत भरता येण्यासारखं नव्हतं.

१७ सप्टेंबरला ते कँटनला पोचले. स्वागताला सन यत्-सेन यांच्या पत्नी सूंग चिंग-लिंग हजर होत्या. तिथून पुढे चांगशा, हांकौ, यिचांग, चोंगचिंग असा प्रवास, शहरामागून शहर, आणि पाठीमागे जपानी फौज. महिन्याच्या आत त्यांना २८ वर्षं पूर्ण झाली. गंमत अशी की १० ऑक्टोबर हा चीनच्याही इतिहासातला मोठा दिवस. १९११ मध्ये याच तारखेला तिथल्या क्रांतीची सुरुवात झाली होती.

चोंगचिंगमध्ये पाचही जणांना चिनी नावं मिळाली. प्रत्येकाच्या नावाला शेवटी हुआ हा शब्द जोडला, हुआ म्हणजे चीन. कोटणीसांचे झाले का दी-हुआ. चीनमधली साधी माणसं त्यांना आजही याच नावाने ओळखतात.

आणि चोंगचिंगमध्येच सोलापूरहून बातमी आली की वडील वारले.

इथे थोडं थांबावं लागेल. घराचा मोठा आधार गेला होता. मागे आई आणि भावंडं. बोटीने परत यायचं तर कित्येक आठवडे. डॉ. अटल यांनी त्यांना घरी परतण्याचा सल्ला दिला. कुणीही दिला असता. कोटणीस परतले नाहीत. अजून प्रत्यक्ष काम सुरूही झालेलं नाही आणि आपण माघारी फिरायचं, हे त्यांना पटलं नाही. पुढे यानानला जायचं ठरलं होतं, ते गेले.

या निर्णयाचं कौतुक भाषणांत पुष्कळ होतं. मला मात्र नेहमी सोलापूरच्या घराचा विचार येतो. त्या आईचं काय झालं असेल? कोटणीसांनी बरोबर केलं की चूक, हे ठरवणारे आपण कोण. पण दूर जाणाऱ्याच्या मागे घराचं काय करायचं हे बोलून ठेवलेलं नसेल, तर वेळ आली की सगळा भार एकट्याच्या काळजावर पडतो. वडिलांना दवाखान्यात कोण नेणार, घरखर्च कोण बघणार, देवाची मर्जी आणि वाईट बातमी आली तर मुलीने लगेच निघायचं की कसं, सुट्टी मिळते का, तिकिटाचे पैसे बाजूला आहेत का. आपल्याकडे असलं बोलणं अशुभ मानतात, विषय निघाला की अल्लाह न करे म्हणून थांबवतात. लोणचं मात्र तीन प्रकारचं बांधतात.

फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक यानानला पोचलं. ही डोंगराळ, उजाड जागा. लोक मातीच्या डोंगरात खोदलेल्या गुहांमध्ये राहत, दवाखानाही तसाच. खाण्यात राळे. सोलापूरच्या माणसाला राळे नवे नाहीत, आपल्याकडे जुन्या बायका राळ्याचा भात करायच्या. पण रोज तेच, मसाला नाही, आणि थंडी हाडं फोडणारी. मुंबईहून आणलेली औषधं किती पुरणार. सामान संपतं, हा प्रत्येक दूरच्या नेमणुकीतला नियम आहे.

तिथे कोटणीसांनी जी तयारी केली ती मला मुंबईतल्या तयारीपेक्षा मोठी वाटते. त्यांनी चिनी भाषा शिकायला घेतली. दुभाष्या मध्ये ठेवून पोट कुठे दुखतंय हे विचारता येतं, पण मरणाच्या भीतीने गप्प झालेल्या पोराला धीर देता येत नाही. दोनेक वर्षांत ते नुसते बोलायला नाही, चिनीत वर्ग घ्यायला लागले. शस्त्रक्रियेवर विद्यार्थ्यांसाठी पुस्तकही लिहायला घेतलं. चार भाषांच्या गावात वाढलेला कान होता, असं मी म्हणेन. आमच्या दुधनीची लेकरंही घरी दखनी बोलतात, बाजारात कन्नड, शाळेत मराठी, आणि मदरशात अरबी वाचतात. त्यांना आम्ही गावंढळ ठरवतो आणि इंग्रजी येत नाही म्हणून घाबरवतो. ज्याला तीन भाषा येतात त्याला चौथी येते. मल्याळम बोलणाऱ्या केरळच्या नर्सेस साऱ्या जगात पोचल्या, त्यांची मातृभाषा काही इंग्रजी नव्हती.

नोव्हेंबर १९३९ मध्ये अटल, बसू आणि कोटणीस यानान सोडून आघाडीकडे निघाले. चोळकर आणि मुखर्जी परतीला लागले होते. पुढे १९४० मध्ये अटल तब्येतीमुळे परतले. उत्तर चीनच्या डोंगरात कॅनडाचे प्रसिद्ध सर्जन डॉ. नॉर्मन बेथ्यून काम करत होते. शस्त्रक्रिया करताना त्यांच्या बोटाला कापलं, जखमेत विष चढलं आणि १२ नोव्हेंबर १९३९ रोजी ते वारले. हातमोज्यांचीही टंचाई असायची. नर्सिंगच्या मुलींनी ही गोष्ट खास लक्षात ठेवावी. सुई टोचली तर लाजून लपवायची नाही, त्याच क्षणी सांगायचं, नोंद करायची, उपचार घ्यायचे. नवीन जागी, वरिष्ठ काय म्हणतील या भीतीने मुली गप्प राहतात.

१९४० च्या उन्हाळ्यात बेथ्यून यांच्या कबरीपाशी झालेल्या कार्यक्रमाला कोटणीस गेले. तिथे त्यांची ओळख गुओ चिंगलान यांच्याशी झाली. त्या शिकलेल्या नर्स होत्या आणि सैन्याच्या वैद्यकीय शाळेत नर्सिंग शिकवत होत्या. सिनेमात त्यांना नाचतागाताना पाहिलं असेल, पण खऱ्या चिंगलान बाई वेगळ्या. त्यांचा दवाखाना आणि शाळा म्हणजे एक इमारत नव्हतीच. शेतकऱ्यांच्या घरांत रुग्ण ठेवलेले, कुठे पडवीत वर्ग. जपानी तुकडी येतेय अशी खबर आली की जखमींना स्ट्रेचरवर घालून डोंगर ओलांडायचा, दुसऱ्या गावात पुन्हा सगळं मांडायचं. पाणी उकळा, पट्ट्या धुवा, वाळवा, परत वापरा. तिथे डॉक्टर कितीही हुशार असो, मागे असल्या नर्सेस नसत्या तर एकही पेशंट वाचला नसता. पण पुतळे डॉक्टरांचेच होतात.

त्याच वर्षीच्या मोठ्या लढाईत कोटणीसांनी शेकडो जखमींवर उपचार केले, कधी कधी सलग ७२ तास न झोपता. जानेवारी १९४१ मध्ये त्यांना बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचं संचालक केलं. १९४१ मध्येच चिंगलान यांच्याशी त्यांचं लग्न झालं. २३ ऑगस्ट १९४२ रोजी मुलगा झाला. नाव ठेवलं यिनहुआ. यिन म्हणजे हिंदुस्थान, हुआ म्हणजे चीन. त्याच साली ते चिनी कम्युनिस्ट पक्षात गेले. आपल्याला तो विचार पटो न पटो, चरित्र सांगायचं तर तेही सांगायलाच हवं.

तब्येत मात्र ढासळत होती. फिटचे झटके यायचे, आणि वारंवार. सहकाऱ्यांनी उपचारासाठी, विश्रांतीसाठी मागे जाण्याचा आग्रह केला. ते ऐकेनात. दुसऱ्यांना औषध वेळेवर घ्या म्हणून रागावणारी माणसं स्वतःच्या बाबतीत अशीच असतात, हे दवाखान्यात काम करणाऱ्यांच्या घरी कुणालाही विचारा. ९ डिसेंबर १९४२ रोजी हबेई प्रांतातल्या गेगोंग या गावात त्यांचा इंतकाल झाला. वय ३२. मुलगा साडेतीन महिन्यांचा.

पाच गेले होते, चार परतले. ख्वाजा अहमद अब्बास यांनी याच अर्थाच्या नावाचं पुस्तक इंग्रजीत लिहिलं, आणि त्यावरून व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' काढला. त्यात कोटणीस शांताराम स्वतः आणि चिंगलान जयश्री झाल्या. पानिपतच्या अब्बासांच्या लेखणीमुळे सोलापूरचा हा डॉक्टर घराघरात पोचला.

चिंगलान बाईंची कहाणी नवऱ्याबरोबर संपली नाही. यिनहुआ वैद्यकीय शिक्षण घेत असतानाच १९६७ मध्ये वारला. आधी नवरा, मग तरुण मुलगा. तरी त्या सासरच्या माणसांना विसरल्या नाहीत, अनेकदा हिंदुस्थानात येऊन गेल्या. २०१२ मध्ये, नव्वदी पार केल्यावर, त्यांनी डोळे मिटले.

कोटणीसांची कबर शिजियाझुआंग शहराच्या शहीद स्मशानभूमीत आहे, तिथे पुतळाही आहे. चीनने १९८२ मध्ये आणि भारताने १९९३ मध्ये त्यांचं टपाल तिकीट काढलं. शिजियाझुआंगमध्ये त्यांच्या चिनी नावाची एक वैद्यकीय शाळा चालते. तिथली मुलं-मुली शिक्षण पूर्ण करून कामाला लागण्याआधी त्यांच्या पुतळ्यासमोर उभं राहून शपथ घेतात. सोलापुरातलं स्मारक भैय्या चौकात आहे. दुधनीहून रेल्वेने सकाळी निघालं तर पाहून संध्याकाळी घरी परत येता येतं. नेमणुकीचं पत्र आलेल्या मुलीने अब्बूंना सोबत घेऊन जावं.